मा. ऊर्जामंत्र्यांना खुले पत्र : बसवलेले पंप मोजले, आता चालणारे मोजा

मा. ऊर्जामंत्री,
महाराष्ट्र राज्य, मुंबई

साहेब, सविनय नमस्कार.

मी अमरावती जिल्ह्यातल्या वरुड भागातला संत्रा उत्पादक. वावर सांभाळायला घरी येण्याआधी पुण्याजवळ गाड्यांचे सुटे भाग करणाऱ्या कारखान्यात गुणवत्ता विभागात नोकरी केली. आज गावातल्या मोटारी आणि कंट्रोलर (पंप चालवणारी इलेक्ट्रॉनिक पेटी) बिघडले की लोक मला बोलावतात. त्यामुळे सौर कृषी पंपाची गोष्ट मला दोन्ही बाजूंनी दिसते, आणि ती आपल्याला सांगणं गरजेचं वाटतं.

२०२५ च्या अखेरीस आपल्या राज्याने एका महिन्यात ४५,९११ सौर पंप बसवले आणि त्याची गिनीज बुकात नोंद झाली. याचा मला मनापासून अभिमान आहे. रात्रीच्या ओलिताला जाणं म्हणजे साप, रानडुक्कर आणि थंडी. घरचा माणूस सकाळी परत येईपर्यंत बाईच्या जिवाला घोर. दिवसा पाणी देणारी योजना आणणाऱ्यांचे आभार मानावे तेवढे थोडे.

पण पंप बसवला तो दिवस कागदावर चढतो, बंद पडला तो दिवस कुणी मोजून जाहीर करत नाही. माझं सगळं म्हणणं एवढ्याच जागेवर आहे.

‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ योजनेत पाच वर्षांची दुरुस्तीची हमी आहे. हमी चांगलीच आहे, पण ती बिघाडानंतर कामाला येते. आणि हा पंप मिळतो तो ज्याच्याकडे पारंपरिक वीजजोडणी नाही त्याला. म्हणजे तो बंद पडला की दुसरी सोय नाही. वर्षातून एकदाच बिघडणारा पंप दोन दिवसांत सुरू झाला तर तो वर्षातले ९९ टक्क्यांहून जास्त दिवस चालला. तोच चाळीस दिवस बंद राहिला तर ८९ टक्के. कागदावर ८९ वाईट दिसत नाही. ते चाळीस दिवस एप्रिल-मेमध्ये आले तर आंबिया बहाराची फळं झाडाखाली पडलेली असतात. शेजारचे काका म्हणाले, ‘कंपनीचा माणूस येतो म्हणते, पण केव्हा येतो ते सांगत नाई.’ त्यांच्यासाठी हमीचा अर्थ तेवढाच उरला होता.

कारखान्यात आम्ही नवा भाग बनवायच्या आधी एका टेबलाभोवती बसायचो. डिझाइनवाला, उत्पादनवाला, दुरुस्तीवाला, सगळे. हा भाग कशाकशाने बिघडेल याची यादी करायची. प्रत्येक बिघाडाला तीन आकडे द्यायचे, एक ते दहा : परिणाम किती गंभीर, किती वेळा होईल, आणि होण्याआधी लक्षात येणं किती अवघड. तिन्हींचा गुणाकार जिथे मोठा, तिथे आधी हात घालायचा. एफएमईए म्हणतात त्याला. अमेरिकी लष्कराने १९४९ मध्ये ही पद्धत लिहून काढली, आणि आज पुणे-चाकणच्या वाहन उद्योगात तिच्याशिवाय नवा भाग पुढे सरकत नाही.

तीच यादी आमच्या वावरातल्या कंट्रोलरसाठी करून पाहा. त्यावर आयपी ६५ असा शिक्का असतो. तो धूळ आणि पाण्याच्या फवाऱ्याबद्दल बोलतो, उन्हाबद्दल काहीच सांगत नाही. नागपूरने मे २०१३ मध्ये ४७.९ अंश पाहिले आहेत. अशा दिवशी पश्चिमेकडे तोंड करून बसवलेल्या पत्र्याच्या पेटीच्या आत किती होत असेल? आतल्या इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचा (वीज साठवून सारखी ठेवणारा भाग) ढोबळ नियम असा की तापमान दहा अंशांनी वाढलं की आयुष्य साधारण निम्मं होतं. म्हणजे पेटी पॅनलच्या सावलीत लावायची की उन्हात, या एका निर्णयावर कंट्रोलर किती वर्षं टिकेल ते ठरतं. तो निर्णय आज बसवायला आलेला पोरगा घाईत घेतो, कारण त्याला नकाशात कुणी सांगितलेलं नसतं. केबल जिथून आत जाते ते भोक नीट बंद केलेलं नसतं, त्यातून मुंग्या आणि पाली आत जातात आणि आतला सर्किट बोर्ड जळतो. यातलं काहीही महाग नाही. वेळेवर विचार केलेला नसतो, एवढंच.

आणि गंभीरतेचा आकडा कुणी द्यायचा? कंपनीच्या टेबलावर ‘पंप बंद’ याला कदाचित सहा मिळतील. ऑगस्टमध्ये ते खरंही आहे. एप्रिलमध्ये वरुड-मोर्शीत ते दहा आहेत, कारण तीस वर्षांची बाग वाळते. म्हणून त्या टेबलावर शेतकरी बसला पाहिजे, ही माझी पहिली मागणी आहे. विदर्भातही सगळीकडे एकच यादी चालणार नाही. आमच्याकडे बोअरचं पाणी शेकडो फूट खाली, मोटारीवर ताण वेगळा. पूर्णा नदीच्या खारपाणपट्ट्यात, म्हणजे जिथे जमिनीखालचं पाणी खारं आहे त्या दर्यापूर-अकोटकडे, क्षार धातूला खातात. पूर्वेकडे पावसाळ्यात विजा कोसळतात, तिथे अर्थिंग आणि सर्ज प्रोटेक्शनला (विजेच्या अचानक लोंढ्यापासून बचावाला) पहिला मान. निविदेत या तिन्ही ठिकाणांसाठी एकच ओळ लिहिली तर ती कुठेच लागू पडत नाही.

आमच्या उन्हाळ्यात इलेक्ट्रॉनिक्सचं काय होतं हे सरकारनेही पाहिलं आहे. मे २०२४ च्या अखेरीस नागपुरात एका स्वयंचलित हवामान केंद्राने ५६ अंश दाखवले, देशभर बातमी झाली, आणि मग तो सेन्सरचाच बिघाड निघाला. वावरातला कंट्रोलर बिघडतो तेव्हा बातमी होत नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं. या पंपांवर दूरस्थ देखरेखीची यंत्रणा बसवलेली असते. पंप कधी चालला, कधी थांबला याची नोंद ती ठेवते. म्हणजे बसवल्याची तारीख आपल्याकडे आहे, बंद पडल्याची तारीख आहे, आणि अजून चालू असलेल्या पंपांचीही माहिती आहे. विश्वासार्हतेच्या अभ्यासाला याहून जास्त काही लागत नाही. वालोडी वायबुल या स्वीडिश अभियंत्याने १९५१ मध्ये मांडलेलं गणित नेमकं यासाठीच वापरतात. बिघाडांच्या तारखा त्यात घातल्या की एक आकडा निघतो. तो एकपेक्षा कमी आला तर पंप नवे असतानाच जास्त बिघडत आहेत, म्हणजे दोष बनवण्यात किंवा बसवण्यात. एकच्या आसपास आला तर वीज पडण्यासारखी, वयाशी संबंध नसलेली कारणं. एकपेक्षा बराच जास्त आला तर भाग झिजत आहेत, आणि सहाव्या-सातव्या वर्षी, हमी संपल्यावर, बिघाडांची मोठी लाट येणार आहे. आज या तिन्ही प्रकारांवर एकच उपाय होतो : बोर्ड काढा, दुसरा लावा, तक्रार बंद करा. जळालेला बोर्ड भंगारात जातो. तो का जळाला हे सांगू शकणारी एकमेव वस्तू आपण फेकून देतो, याचं मला फार वाईट वाटतं.

ते बोर्ड गोळा करा. नागपूरला व्हीएनआयटी ही अभियांत्रिकी संस्था आहे, अमरावतीला शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय आहे, अकोल्याला डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ आहे. तिथे ते उघडून पाहिले जावेत, कारण लिहिलं जावं, आणि ते कारण पुढच्या निविदेच्या अटींत उतरावं. सापडलेल्या दोषावर पुरवठादाराने काय बदललं हे त्याने लेखी दिल्याशिवाय त्याला पुढचं काम मिळू नये. कोणत्या तालुक्यात कोणते सुटे भाग किती ठेवायचे, हेही याच नोंदींवरून काढता येतं. तालुक्याच्या आयटीआयमधल्या पोरांना त्या भागांची दुरुस्ती शिकवली तर चाळीस दिवसांचे दोन-तीन दिवस होतील.

या योजनेत पुरवठादार निवडायची मुभा शेतकऱ्याला आहे, ही फार चांगली तरतूद आहे. पण यादीत नुसती नावं असतात. कोणाचे पंप वर्षात किती दिवस चालले, तक्रार आल्यावर किती दिवसांत सुरू झाले, हे दोन आकडे जिल्ह्यानुसार प्रत्येक नावासमोर छापा. शेतकरी स्वतःच्या हिश्श्याचे पैसे भरतो, त्याला हे कळण्याचा हक्क आहे. चांगलं काम करणाऱ्या कंपन्यांनाही याचा फायदाच होईल. आज त्यांचा टिकाऊ कंट्रोलर आणि दुसऱ्याचा स्वस्त कंट्रोलर कागदावर सारखेच दिसतात.

खर्चाचा प्रश्न निघेल. यंत्रणा बसलेली आहे, नोंदी आहेत, महाविद्यालयं आहेत. पैसे लागतील ते बोर्ड आणण्या-नेण्याला आणि माणसांच्या वेळेला. उन्हात तडकलेल्या एका बागेच्या नुकसानीशी त्याची तुलना करून बघा.

आपल्याला विनंती की सुरुवात एका जिल्ह्यापासून करावी, आणि तो अमरावती असावा, कारण इथे खोल बोअरही आहेत आणि खारपाणपट्टाही. गेल्या उन्हाळ्यातल्या बंद पंपांच्या नोंदी महावितरणकडून मागवून घ्याव्यात आणि येत्या मार्चच्या आत जाहीर कराव्यात. त्या वाचायला आणि टेबलाभोवती बसायला वरुड, दर्यापूर, अचलपूरकडचे शेतकरी येतील. मीही येईन.

आपला,
वरुड तालुक्यातील एक शेतकरी