तुझ्या ट्रॉलीचा फोटो पाहून

प्रिय बाळा,

फोटो मिळाला. दोन दिवस तो मोठा करकरून पाहतोय. घरच्या मद्याच्या बाटल्यांसाठी घेतलेली ही ट्रॉली देखणी आहे. मागची मोठी चाकं पाहून मला फिनलंडचे वास्तुरचनाकार अल्वार आल्टो आठवले. त्यांनी चहासाठी केलेली अशीच मोठ्या चाकांची ट्रॉली १९३७च्या पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनात मांडली होती. चहाच्या गाड्यावर पुढे बाटल्या आल्या, पण गाड्याचं काम तेच राहिलं. ते काम कोणतं, हे आधी लिहितो, कारण "बाबा, अजून काय काय आणू?" या तुझ्या प्रश्नाचं उत्तर त्यातच आहे.

घरी आलेल्या माणसांकडे पाठ करावी लागू नये, म्हणून ट्रॉली असते. तुझ्या वरच्या फळीवर मी चौदा बाटल्या मोजल्या. पेय करायला तिथे वीतभरही जागा उरलेली नाही. म्हणजे कुणी काही मागितलं की तू ग्लास घेऊन स्वयंपाकघरात जाणार आणि ते सगळे बाहेर तुझी वाट बघत बसणार. वरच्या फळीचा निदान तिसरा हिस्सा मोकळा ठेव. शेकर म्हणजे पेय हलवायचं झाकणाचं भांडं, मापाचं भांडं, दोन ग्लास आणि लिंबू चिरायची लहान फळी एवढं तिथे मावलं पाहिजे.

वरचा दगड खरा संगमरवर असेल तर तिथे एक ट्रे कायमचा ठेवून दे. लिंबाचा रस संगमरवरावर सांडला तर तो दगडाशी रासायनिक क्रिया करतो. मग जो पांढुरका ठिपका दिसतो तो कितीही घासला तरी जात नाही, कारण तो डाग नसतोच. तिथली झिलई खाल्ली गेलेली असते.

७५० मिलीची भरलेली बाटली साधारण सव्वा ते दीड किलोची असते. चौदा बाटल्या म्हणजे जवळजवळ वीस किलो, आणि ते सगळं तू वर चढवलं आहेस. ट्रॉली ढकलताना चाक गालिच्याच्या कडेला अडलं की काय होईल ते डोळ्यांसमोर आण. जड सामान खालच्या फळीवर ने. वर चार-पाच बाटल्या पुरेत: उंच मागे, बुटक्या पुढे, आणि एका रांगेत उभ्या करण्याऐवजी दोन-तीनच्या घोळक्यात. त्यांच्यात बाटली नसलेली एखादी वस्तू असू दे, लिंबांचं भांडं किंवा छोटं रोप. तेवढ्यानेही ती मांडणी दुकानातल्या कपाटासारखी दिसायची थांबते.

खिडकीपासून मात्र ती आजच हलव. फोटोत बाटल्यांवर ऊन आलंय. उन्हाने मद्याचा रंग उतरतो आणि चवही. व्हिस्की, जिन, रम उभ्याच ठेव, कारण चाळीस टक्के अल्कोहोल बुचाला सतत लागत राहिलं तर बूच कुसकरतं. वाइन आडवी ठेवायची ती नेमकी उलट कारणासाठी, बूच ओलं राहावं म्हणून.

आता काय आणायचं. बाटल्यांची यादी करू नकोस, पेयं ठरव. तीन पेयं नीट जमली तर घरच्या मैफलीला पुरतात. एक हलवून करायचं, एक ढवळून करायचं आणि एक उंच ग्लासातलं. हलवून करायला डाइकिरी: पांढरी रम ६० मिली, लिंबाचा ताजा रस २५, साखरेचा पाक २०. ढवळून करायला निग्रोनी: जिन, कँपारी (कडवट लाल मद्य) आणि लाल गोड व्हर्मूथ, तिन्ही ३० मिली. उंच ग्लासात जिन-टॉनिक, म्हणजे जिनवर टॉनिक नावाचा कडसर सोडा. एवढ्यासाठी बाटल्या लागल्या चार. त्यात एक व्हिस्की आणि बिटर्सची (थेंबाथेंबाने घालायच्या कडू अर्काची) छोटी बाटली घातलीस की ओल्ड फॅशन्ड नावाचं कॉकटेलही होतं. १८०६ साली अमेरिकेतल्या एका वृत्तपत्राने कॉकटेल म्हणजे काय ते सांगितलं होतं: मद्य, साखर, पाणी आणि बिटर्स. ओल्ड फॅशन्ड अजून तेवढंच आहे. तुझ्याकडच्या निळ्या आणि हिरव्या लिक्युअर, म्हणजे ती गोड मद्यं, संपतील तेव्हा संपू देत, नव्या आणू नकोस.

व्हर्मूथ ट्रॉलीवर ठेवू नकोस. ती वाइनच असते, थोडं मद्य घालून पंधरा-अठरा टक्क्यांपर्यंत नेलेली. उघडली की हवेने उतरायला लागते. माझ्याकडे एक बाटली वर्षभर कपाटात उघडी राहिली होती आणि मी सगळ्यांना त्याच आंबूस चवीची निग्रोनी देत राहिलो. लहान बाटली आण, फ्रीजमध्ये ठेव आणि महिना-दोन महिन्यांत संपव. सायीच्या लिक्युअरलाही फ्रीजच. साखरेचा पाक समभाग पाण्याचा असेल तर तोही फ्रीजमध्ये, तीन-चार आठवड्यांपुरता. लिंबाचा रस त्याच संध्याकाळी काढ.

मावशीने दिलेला क्रिस्टलचा डिकँटर, म्हणजे मद्य ओतून ठेवायची काचेची सुरई, फोटोत भरलेला दिसतोय. जुन्या क्रिस्टलमध्ये शिसं असतं आणि ते हळूहळू मद्यात उतरतं. 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात १९९१ साली यावर संशोधन छापून आलं होतं. पाहुणे येतील त्या संध्याकाळी त्यात ओत आणि उरलेलं रात्रीच परत बाटलीत घाल. तांब्याचे मग घेणार असशील तर आतून स्टीलचा थर असलेलेच घे, लिंबाच्या आंबटाने तांबंही सुटतं.

बर्फाबद्दल मात्र सविस्तर लिहितो, कारण बाटल्यांवर पैसे घालवणारी माणसं बर्फाकडे बघतच नाहीत. नीट ढवळलेल्या पेयात शेवटी जवळजवळ पाचवा हिस्सा वितळलेल्या बर्फाचं पाणी असतं, आणि हलवलेल्यात त्याहून जास्त. ते पाणी पेयाचा घटकच आहे. ते नसेल तर निग्रोनी घशाला टोचते. आता फ्रीझरमध्ये उघडा पडलेला बर्फ शेजारच्या सगळ्या डब्यांचे वास ओढून घेतो, आणि तेच पाणी आपण पाहुण्याला देतो. बर्फ तयार झाला की बंद डब्यात भर. माणशी अर्धा किलो धर, कारण ग्लासात जेवढा लागतो तेवढाच शेकरमध्ये आणि बाटल्या गार करण्यात जातो. ग्लासात घालायला मोठे तुकडे कर. तेवढ्याच वजनाच्या बारीक तुकड्यांपेक्षा मोठ्या तुकड्याचा पृष्ठभाग कमी, म्हणून तो सावकाश वितळतो. काचेसारखा नितळ बर्फ हवा असेल तर झाकण नसलेल्या जाड थर्मास-डब्यात पाणी भरून ठेव. थंडी फक्त वरून लागली की बर्फ वरून खाली धरत जातो, हवा आणि क्षार तळाशी ढकलले जातात. तळ धरायच्या आत काढलंस तर वरची लादी स्वच्छ मिळते.

लिंबू, साय किंवा अंडं असलेलं पेय हलवायचं, दहा-बारा सेकंद, जोरात. नुसत्या मद्यांचं पेय अर्धा मिनिट ढवळायचं. हलवल्याने हवा शिरते, पेय फेसाळ आणि गढूळ होतं. डाइकिरीला ते शोभतं, निग्रोनीला नाही. सोडा आणि टॉनिक आधीपासून गार हवेत, कारण गार पाण्यातच वायू टिकतो. बाटल्या मोठ्या घेऊ नकोस. अर्धी उरलेली मोठी बाटली दुसऱ्या ग्लासापर्यंतच मवाळ झालेली असते. बर्फाच्या बादलीत ग्लास कधी बुडवू नकोस, चिमटा किंवा डाव ठेव. काचेची कपची उडाली तर बर्फात दिसत नाही.

मापाचं भांडं नेहमी वापर. अंदाजाने ओतणं दिलदारपणाचं वाटतं, पण त्यात समोरच्याला आपण किती घेतलं ते कळत नाही. चाळीस टक्क्यांच्या ३० मिलीच्या एका पेगमध्ये शुद्ध अल्कोहोल १२ मिली, म्हणजे साडेनऊ ग्रॅम. बारा टक्क्यांच्या वाइनच्या १५० मिलीमध्ये चौदा ग्रॅम. "मी फक्त वाइनच घेतली" म्हणणाऱ्याने अशा एका पेगपेक्षा जास्त घेतलेली असते. निग्रोनीच्या एका ग्लासात सुमारे एकोणीस ग्रॅम, म्हणजे दोन पेग. आपलं यकृत तासाला साधारण एका पेगाएवढं काम उरकतं आणि काळ्या कॉफीने तो वेग वाढत नाही. कोण गाडी चालवणार आहे हे पहिला ग्लास भरण्याआधी विचार.

आणि आता ज्यासाठी खरं तर लिहायला बसलो ते. तुझ्या फोटोत न पिणाऱ्या माणसासाठी काहीही नाही.

दहा वर्षांपूर्वी डॉक्टरांनी माझी बंद केली, तेव्हा तू शिकायला बाहेर होतीस. त्यानंतरच्या मैफली तू पाहिल्या नाहीस. सगळ्यांच्या हातात काचेचे सुंदर ग्लास आणि माझ्या हातात कागदी कपात कोमट झालेलं शीतपेय. "एक घोट घे की, काय होतंय" असं एकाच संध्याकाळी तीन-तीनदा ऐकायचं आणि तीन-तीनदा आपल्या प्रकृतीचा हिशेब चारचौघांत मांडायचा. मी आठ-साडेआठला निघायला लागलो, मग जाणंच कमी केलं. एका घरी मात्र यजमानीणबाईंनी काही न विचारता शेकर घेतला, आल्याचा पाक, लिंबू, पुदिना घालून माझं पेय सगळ्यांच्या पेयांसारखंच हलवलं आणि त्याच उभ्या दांडीच्या ग्लासात दिलं. हातातल्या ग्लासावरून कुणाला काही कळलं नाही, कुणी काही विचारलं नाही. त्या रात्री मी शेवटपर्यंत बसलो. मला गप्पा मारता येतात हे बऱ्याच दिवसांनी आठवलं.

म्हणून पुढच्या रांगेत आल्याचा पाक ठेव. तो ३० मिली, लिंबाचा रस २५, चिमूटभर मीठ, बर्फ घालून हलवायचं आणि वरून गार सोडा. पुदिना चेचू नकोस, कडू होतो. तळहातावर एकदा हलकेच थापटला तरी वास मोकळा होतो. दुसरं, कडक काळा चहा करून गार करून ठेव. चहातल्या टॅनिनने तोंडाला जो तुरटपणा येतो, त्याने पेयाला मद्यासारखा भक्कमपणा मिळतो. नुसत्या गोड सरबतांत तोच नसतो, म्हणून मोठी माणसं अर्धा ग्लास ठेवून देतात.

दोन गोष्टी मात्र नीट लक्षात ठेव. बिटर्सचे चार थेंब सोड्यात टाकून ते बिनदारूचं म्हणून देतात. अँगोस्टुरा बिटर्स १८२४ साली व्हेनेझुएलात डॉक्टर सीगर्ट यांनी पोटाचं औषध म्हणून तयार केलं खरं, पण त्यात अल्कोहोल ४४.७ टक्के असतं. थेंबांत ते फार नसेल, तरी ज्याने व्यसन सोडलंय किंवा जो श्रद्धेने घेत नाही त्याला न सांगता ते देणं हा विश्वासघात आहे. "बिनअल्कोहोल" लिहिलेल्या बिअरचंही तसंच. कितीतरी देशांत अर्ध्या टक्क्यापर्यंत ते शब्द चालतात. बाटली समोर ठेव, ज्याला वाचायचं तो वाचेल. टॉनिकमध्ये क्विनीन असतं, काही औषधांबरोबर ते चालत नाही, तेव्हा साधा सोडाही हवाच. आणि पाण्याचा जग, ग्लासांसह, ट्रॉलीवरच. पाणी मागायला कुणाला उठावं लागू नये.

पुढच्या महिन्यात आम्ही दोघं येतोय. आईला निग्रोनी दे, ढवळलेली. संत्र्याची साल पातळ काढ, मागचा पांढरा भाग येऊ देऊ नकोस, ग्लासावर धरून एकदा पिळ म्हणजे तेल वर पसरेल. मला आलं-लिंबू. तुझे ते उथळ, उंच दांडीचे ग्लास फोटोत डावीकडे आहेत ना, त्यातच दे.

तुझे,
बाबा