कोयंडा सुटा मिळत नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या महिन्यात आमच्या नौपाड्यातल्या घराच्या मागच्या दाराचा कोयंडा उपटून हातात आला. इमारत जुनी, पुनर्विकासाच्या सभा चालू, त्यामुळे आता नवं दार बसवण्यात अर्थ नाही. कडी शाबूत होती. जिच्यात कुलूप अडकवतो ती चौकटीतली वाकवलेली लोखंडी कमान, तेवढीच हवी होती. जांभळी नाक्याच्या एका हार्डवेअरच्या दुकानात जाऊन कोयंडा मागितला. काउंटरवरच्या मुलाने विचारलं, “आल्ड्रॉप का?” म्हटलं, नाही रे बाबा, कोयंडा. त्याने टॉवर बोल्ट दाखवला, बिजागरी दाखवली, पडद्याचा हुकसुद्धा दाखवला. शेवटी मी खिशातल्या लाइटबिलाच्या पाठीवर चित्र काढलं. तेव्हा आतल्या खुर्चीवरचे म्हातारे शेठ चष्मा कपाळावर ढकलत म्हणाले, “अरे, कोयंडा म्हणतायत काका. पण सुटा येत नाही आता. पूर्ण सेट घ्यावा लागेल.”

‘सुटा येत नाही’ हे काही केल्या डोक्यातून जाईना. कडीकोयंडा हा जोडशब्द आपण सगळेच वापरतो. त्यातला कोयंडा नेमका कोणता, हे सोसायटीत चौघांना विचारून पाहिलं. दोघांनी कडीकडे बोट दाखवलं. एकाचं म्हणणं, तो ‘भाकरीबिकरी’सारखा नुसता मागे चिकटलेला शब्द असणार. चौथे बघून सांगतो म्हणाले, ते अजून बघतायत.

हे पत्र लिहायला खरं निमित्त मात्र माझ्या नातीचं. ती सातवीत आहे. बुटाच्या नाडीच्या टोकाला प्लास्टिकची इवलीशी नळी असते, तिला इंग्रजीत ‘ॲगलेट’ म्हणतात, हे तिने मोठ्या रुबाबात सांगितलं आणि विचारलं, “आजोबा, मराठीत काय?” मला येईना. गल्लीच्या तोंडाशी चपला शिवायला बसणाऱ्या काकांना जाऊन विचारलं. ते हसले. “त्याला कशाला पाहिजे नाव? निघालं की नाडीचं टोक मेणबत्तीवर धरायचं, झालं.” हे सांगताना त्यांच्या एका हातात आरी होती, मांडीपाशी रापी पडलेली, आणि समोरच्या बाईंना ते बजावत होते, “अंगठ्याचे वेगळे, पट्ट्याचे वेगळे, आणि कान नवीन लावायचा तर उद्या या.” एका कोल्हापुरी चपलेचे तीन भाग, तीन नावं, तीन भाव.

मला उलगडा तिथे झाला. जो भाग तुटतो, झिजतो, हरवतो आणि सुटा विकत मागावा लागतो, त्याला नाव मिळतं. कुडीचं मळसूत्र झिजलं की फिरकी निसटते आणि सोनाराकडे जाऊन मागावी लागते, म्हणून ‘फिरकी’ शब्द आजही धडधाकट आहे. परकराच्या नेफ्यातून नाडी ओवताना ती आत अडकते, म्हणून नेफा माहीत आहे. स्टोव्ह होते तेव्हा घरातल्या पोरांनासुद्धा पिन, वायसर आणि काकडा माहीत होता. स्टोव्ह गेले, काकडा देवळातल्या पहाटेच्या आरतीपुरता उरला. इंग्रजांच्या ॲगलेटचंही तेच असावं. तो शब्द मुळात जुन्या फ्रेंचमधल्या सुईवरून आला. अंगावरचे कपडे बंदांनी आवळायचे दिवस होते, बंदाला धातूचं टोक लावत, आणि ते भोकातून सुईसारखं ओवलं जाई.

माझ्या आईचं जातं आठवतं. वरच्या तळीच्या तोंडात एक आडवी लाकडी पट्टी असते, तिच्या भोकात खालच्या तळीची मधली खुंटी बसते. त्या पट्टीला माकडी म्हणतात. डाळ भरडायची असली की आई खुंटीवर चिंधीचा तुकडा ठेवी. वरची तळी केसभर उचलली जाई आणि डाळीचं पीठ होत नसे. ‘माकडी’ हा शब्द मी पन्नासेक वर्षांनी आज लिहितोय. घरात मिक्सर आहे, त्याचा रबरी कपलर दर दोनतीन वर्षांनी झिजतो, आणि ‘कपलर’ हा शब्द मात्र आमच्या घरात सगळ्यांना, अगदी कामाच्या मावशींनाही, तोंडपाठ आहे. त्याला माझी मुळीच हरकत नाही. झिजतो तो, नाव कमावतो.

तेव्हा ‘मराठी मरत चालली’ असा गळा काढायला हे पत्र नाही. तसंही ३ ऑक्टोबर २०२४ पासून ती अधिकृतपणे अभिजात आहे. माझी अडचण साधी आहे. दाते-कर्व्यांचा सात खंडांचा शब्दकोश (१९३२ ते १९३८) उघडला की शब्दावरून वस्तू कळते. पण वस्तू हातात आहे आणि शब्द ठाऊक नाही, त्याने कुठलं पान उघडायचं? त्याला ते शेठ गाठावे लागतात, आणि शेठ काही रोज दुकानात येत नाहीत. मुलगा बसतो आता.

म्हणून विनंती, की आपल्या ठाणे पुरवणीत आठवड्याला एक लहानशी चौकट ठेवावी. एका वस्तूचं रेखाचित्र, भागांना बाण, आणि नावं त्या त्या धंद्यातल्या माणसाला विचारून. आमच्या शिंपी गल्लीतल्या काज-बटणवाल्यांकडेच दोन आठवड्यांचा मजकूर निघेल: काज, कळी, चौबगला. कोळीवाडा चेंदणीला आहेच, होडीसाठी लांब जायला नको. प्राध्यापकांना शेवटी विचारा, तेही आमच्यासारखेच सेट विकत घेतात.

सुरुवातीला छत्री घ्या. दांड्यावर वर सरकून काड्या उघडतो तो तुकडा, आणि मिटलेल्या छत्रीला गुंडाळून धरणारी बटणाची पट्टी, या दोन्हींना काय म्हणतात ते मला हवंय. छत्र्या दुरुस्त करणारे जूनमध्ये जांभळी नाक्याला येऊन बसले की मी विचारीनच. आपल्या वाचकांपैकी कुणाला त्याआधी माहीत असेल, तर कळवावं.

आपला,
एक वाचक
नौपाडा, ठाणे (पश्चिम)

ता. क. सेट घेतला. कोयंडा बसवला. उरलेली नवी कडी ड्रॉवरमध्ये पडून आहे, कुणाला सुटी हवी असल्यास घेऊन जावी.