खापर स्नेअरवर फोडू नकोस

पुणे

चि. सई,
अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेला ‘सेंट अँगर’ ऐकला. म्हणजे मेटालिका या अमेरिकन हेवी मेटल बँडचा मूळ अल्बम नव्हे. २०१५ साली काही चाहत्यांनी पहिल्या गाण्यापासून शेवटच्यापर्यंत स्वतः वाजवून यूट्यूबवर चढवलेला. गिटार भरदार, ड्रम गोळीबंद, स्नेअर (ज्यावर गाण्याचा मुख्य ठोका पडतो तो ड्रम) शहाण्यासारखा वाजणारा. खाली तुझा निकाल : ‘स्नेअर बदलला की अल्बम एकदम भारी आहे, तुमच्या लोकांनी उगाच धुतला.’ यावर व्हॉट्सॲपवर उत्तर दिलं असतं तर तू एक अंगठा टेकवून मोकळी झाली असतीस. म्हणून पत्र. चेन्नईच्या तुझ्या होस्टेलवर पत्र येणारी तू एकटीच असशील बहुधा.

धुतला हे खरं. पण त्याआधी आम्ही किती वाट बघितली होती तेही लक्षात घे. स्वतःच्या नव्या गाण्यांचा मेटालिकाचा आधीचा अल्बम १९९७ चा. मग दुसऱ्यांच्या गाण्यांचा एक, मग सॅन फ्रान्सिस्को सिंफनीबरोबरची मैफल, मग इंटरनेटवरून गाणी फुकट वाटायची सोय करणाऱ्या नॅपस्टरवर खटला. जानेवारी २००१ मध्ये चौदा वर्षं बास वाजवणारा जेसन न्यूस्टेड बँड सोडून गेला. त्याच जुलैत गायक जेम्स हेटफिल्ड रेकॉर्डिंग अर्धवट टाकून व्यसनमुक्तीसाठी दाखल झाला आणि तो परत कामाला लागेपर्यंत पुढच्या वर्षीचा एप्रिल उजाडला. अखेर ५ जून २००३ ला अल्बम आला. अमेरिकेत तो थेट पहिल्या क्रमांकावर गेला, काही बड्या मासिकांनी वाखाणला, पुढच्या वर्षी शीर्षकगीताला ग्रॅमीसुद्धा मिळालं. शिव्या घातल्या त्या आम्ही, चाहत्यांनी. माझ्यापर्यंत तो एका मित्रानं राइट करून दिलेल्या सीडीवर पोचला. नॅपस्टरला कोर्टात खेचणाऱ्या बँडचा अल्बम असा फुकटात ऐकताना आम्हाला लाजबीज काही वाटली नाही.

आता स्नेअर. तू साउंड शिकतेस, तुला हे पाठ असणार. तरी लिहितो, म्हणजे मला नीट कळलंय का ते तू तपासशील. स्नेअरच्या खालच्या हेडला, म्हणजे ताणलेल्या पडद्याला, तारांची पट्टी टेकलेली असते, बाजूचा खटका सोडला की ती सुटी होते. तारा टेकलेल्या असल्या की ठोका कोरडा, तुटक येतो. सुट्या असल्या की नुसतं पिंप घुमत राहतं. ड्रमर लार्स उलरिकनं एकदा तारा न लावताच वाजवलं, ऐकलं, त्याला ते आवडलं आणि त्यानं तसंच ठेवलं. पत्र्याचा रिकामा डबा, पंचाहत्तर मिनिटं. पहिल्यांदा लावला तेव्हा तुझी आजी शेजारी कुणाच्या घरी काम काढलंय ते बघायला गॅलरीत गेली होती.

मेटालिकाचे अल्बम घरी बसून दुरुस्त करायची चाहत्यांना जुनी खोड आहे. १९८८ च्या ‘अँड जस्टिस फॉर ऑल’मध्ये न्यूस्टेडचा बास जवळजवळ ऐकूच येत नाही. लोकांनी बास वर आणून त्याच्या आपापल्या आवृत्त्या केल्या. २०१८ साली बँडनं तो नव्यानं मास्टर करून बाजारात आणला, पण मिक्सला, म्हणजे कुठलं वाद्य किती मोठं ऐकू यावं या प्रमाणाला, हात लावला नाही. २००८ च्या ‘डेथ मॅग्नेटिक’चा आवाज तर इतका दाबून मोठा केला होता, की लोक ‘गिटार हीरो’ या व्हिडिओ गेममधून तीच गाणी काढून ऐकायला लागले, कारण तिथं ती तशी चेपलेली नव्हती. या दोन्ही वेळी चाहत्यांचं बरोबर होतं. गाणी धडधाकट होती, ध्वनी बिघडला होता. तू ‘सेंट अँगर’ला तोच हिशेब लावतेयस. माझं म्हणणं, इथं डबा काढून टाकला की आतलं दुखणं उलट जास्त उघडं पडतं.

दुखणं आहे कात्रीचं. निर्माता बॉब रॉक (अल्बमवर बासही त्यानंच वाजवलाय) याची कल्पना अशी, की चार पोरं गॅरेजमध्ये वाजवताहेत असं वाटायला हवं. कल्पना झकास. प्रत्यक्षात चाललं होतं काय? तासन्‌तास रिफ (गिटारचे छोटे, पुन्हा पुन्हा येणारे तुकडे) वाजवत बसायचं, सगळं प्रो टूल्स या रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये भरायचं, आणि मग स्क्रीनवर तुकडे कापून एकापुढं एक चिकटवायचे. खऱ्या गॅरेजमध्ये चौघं वाजवतात तेव्हा त्यातल्या कुणाला तरी कंटाळा येतो, तो मान वर करतो, आणि गाणं पुढच्या वळणाला लागतं. स्क्रीनवरच्या तुकड्याला कंटाळा येत नाही. अकरापैकी सहा गाणी सात मिनिटांच्या वर आहेत, ‘ऑल विदिन माय हँड्स’ तर पावणेनऊच्या पुढं. लांबीचं मला वावडं नाही. ‘मास्टर ऑफ पपेट्स’ही साडेआठ मिनिटांचं आहे, पण त्यात मधोमध गाणं थांबतं, वेगळ्याच मुलखात जातं, सोलो होतो, आणि मग मूळ रिफ परत येते तेव्हा ती कमावलेली असते. ‘सेंट अँगर’वर गिटारचा सोलो एकही नाही. गिटारवादक कर्क हॅमेटनं त्यावर वाद घातला होता, की सोलो काढून टाकले तर हा अल्बम या काळापुरताच होऊन बसेल. त्याचं कुणी ऐकलं नाही.

हा वाद ‘सम काइंड ऑफ मॉन्स्टर’ या २००४ च्या माहितीपटात आहे. जो बर्लिंजर आणि ब्रूस सिनॉफ्स्की यांनी तो केला. नसेल पाहिलास तर रेकॉर्डिंगचा अभ्यास म्हणून बघ. बँडमधली भांडणं सोडवायला महिना ४०,००० डॉलरवर ठेवलेले थेरपिस्ट आहेत. व्यसनमुक्तीहून परतलेला हेटफिल्ड रोज फक्त दुपारी बारा ते चार काम करणार, आणि मी नसताना बाकीच्यांनी टेपही ऐकायची नाही, असा नियम आहे. त्यावरून लार्सचा चढलेला पारा आहे. आणि लार्सचे वडील टोर्बेन आहेत. डेन्मार्ककडून डेव्हिस कप खेळलेला टेनिसपटू, जॅझवर लिहिणारा, छातीवर रुळणारी पांढरी दाढी. २०२३ च्या डिसेंबरमध्ये, ९५ व्या वर्षी गेले. लार्स त्यांना मोठ्या हौसेनं एक नवा तुकडा ऐकवतो. म्हातारा शांतपणे सांगतो, मी असतो तर हे काढून टाकलं असतं. त्या क्षणी लार्सचा चेहरा बघ, जगभरची स्टेडियम भरवणारा माणूस. तुझी मिक्सेस ऐकून मी नुसतं ‘छान आहे’ म्हणतो ते केवढं मोठं सौजन्य आहे, हे तुला कळावं.

एवढं सगळं म्हटल्यावर तू विचारशील, मग गाणी वाईटच ना? नाहीत. इथंच तुझ्यापेक्षा मी या अल्बमच्या जास्त बाजूचा आहे. तू म्हणतेस स्नेअर बदला. मी म्हणतो, ही गाणी स्टेजवर ऐक.

मूळ सीडीबरोबर एक डीव्हीडी होती. तिच्यात अकराच्या अकरा गाणी तालमीच्या खोलीत वाजवलेली आहेत, नुकत्याच आलेल्या नव्या बासवादकाला, रॉबर्ट ट्रुहियोला, घेऊन. आमच्या राइट केलेल्या सीडीबरोबर अर्थातच ती आली नाही; खूप पुढं बघायला मिळाली. ट्रुहियो बोटांनी बास वाजवतो, खाली जमीन मिळते. चौघं एकमेकांकडं बघतात. अल्बमला जे गॅरेज हवं होतं ते इथं आहे, पाकिटातल्या दुसऱ्या तबकडीवर. ‘फ्रँटिक’ अल्बमवर ऐकताना मला कपाळ दुखल्यासारखं होतं. तेच गाणं २००३–०४ च्या दौऱ्यातल्या रेकॉर्डिंगमध्ये, नेहमीच्या तारा लावलेल्या स्नेअरवर, नुसतं सुसाट जातं. शीर्षकगीताचा व्हिडिओ त्यांनी सॅन क्वेंटिनच्या तुरुंगात, कैद्यांसमोर वाजवून चित्रित केला तोही बघ. रागाविषयीचं गाणं कुणासमोर म्हणायचं, हे त्यांना बरोबर कळलं होतं.

त्यानंतर मात्र बँडनंच ही गाणी फडताळात टाकली. २०१४ च्या दौऱ्यात गाण्यांची यादी चाहत्यांच्या मतांवर ठरायची, आणि मतं पडायची ती जुन्याच गाण्यांना. त्याआधी, ऑक्टोबर २०११ मध्ये, बंगळूरला पॅलेस ग्राउंड्सवर ते आले. दोनच दिवस आधीचा दिल्लीजवळचा कार्यक्रम ऐनवेळी बारगळला होता, त्यामुळे बसमध्ये रात्रभर आमच्या जिवात जीव नव्हता. हेटफिल्ड समोर दिसल्यावर मी काय केलं ते तुझ्या आईला विचारू नकोस. मुद्दा असा, की त्या रात्री ‘सेंट अँगर’मधलं एकही गाणं झालं नाही, आणि माझ्या आसपास कुणाला त्याची आठवणसुद्धा झाली नाही.

या सगळ्यात एक गाणं वेगळ्याच वाटेनं गेलं. ‘ऑल विदिन माय हँड्स’, अल्बममधलं शेवटचं, सगळ्यात लांब, आणि माझ्या मते अल्बमवरचं सगळ्यात असह्य. जे प्रिय आहे ते मुठीत आवळून धरायचं, इतकं की त्याचा जीव जावा, आणि त्यालाच प्रेम समजायचं, अशा माणसाचं ते गाणं आहे. शेवटी हेटफिल्ड ठार मारण्याची भाषा घसा फाटेस्तोवर ओरडत राहतो. २००३ मध्ये मी तिथपर्यंत क्वचितच पोचायचो.

२००७ च्या ऑक्टोबरमध्ये गायक नील यंगच्या, ब्रिज स्कूल या अपंग मुलांच्या शाळेच्या मदतीसाठीच्या कार्यक्रमात मेटालिका अकूस्टिक वाजवायला बसली. तिथं इलेक्ट्रिक गिटारचा आडोसा नाही, डबा नाही, ओरडायची सोय नाही. त्यांनी निवडलं हे गाणं. चाल संथ केली, आवाज खाली आणला, आणि एकदम लक्षात आलं की या माणसाला स्वतःचीच भीती वाटतेय. शब्द जवळपास तेच, पण अल्बमवर तो धमकी देतो आणि इथं कबुली. २०१७ मध्ये त्यांनी समाजकार्यासाठी संस्था काढली तिला नाव याच गाण्याचं दिलं. मुठीचा हात मदतीचा झाला. त्या संस्थेसाठी नोव्हेंबर २०१८ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या मेसॉनिक सभागृहात पुन्हा अकूस्टिक वाजवलं. आणि सप्टेंबर २०१९ मध्ये, चेस सेंटर या नव्या कोऱ्या अरीनाच्या उद्घाटनाला, सॅन फ्रान्सिस्को सिंफनीबरोबर. ते रेकॉर्डिंग हेडफोन लावून ऐक. तंतुवाद्यं मागून येतात, हेटफिल्ड जवळजवळ बोलल्यासारखं गातो, आणि ज्या गाण्याला अख्ख्या फॅन मंडळींनी कचऱ्यात टाकलं होतं ते गाणं सभागृह श्वास रोखून ऐकतं.

पुनर्मूल्यांकन हा शब्द तुमच्याकडं हल्ली सारखा वापरतात. त्यात मला खटकतं ते एवढंच, की ते फार गोड करून सांगतात : आजारी माणसांनी तयार केलेला अल्बम, लोकांना तेव्हा कळला नाही, आता कळला, सगळं ठीक झालं. त्या सिंफनीच्या मैफलीला महिनाही झाला नव्हता, आणि हेटफिल्ड पुन्हा व्यसनमुक्तीसाठी दाखल झाला; ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडचा दौरा पुढं ढकलावा लागला. बातमी वाचली त्या संध्याकाळी मी ‘फ्रँटिक’ लावलं. अल्बमवरचंच, डब्यासकट. वाया गेलेले दिवस परत मागणाऱ्या माणसाचं ते गाणं आहे आणि त्याला तो कर्कश ठोका शोभतो. स्टेजवर मला ते छान, मोकळं, धावणारं हवं असतं. पण ते केलं तेव्हा या चौघांना एका खोलीत बसवत नव्हतं, ते फक्त त्या डब्यातून कळतं. तुझ्या २०१५ च्या मंडळींनी उत्तम वाजवलंय, पण कुणाचंच काही दुखत नसताना वाजवलंय. हेटफिल्डनंही मध्यंतरी सांगितलं होतं, की जुन्या अल्बममध्ये बदलाव्या वाटतील अशा गोष्टी आहेत, ‘सेंट अँगर’मधला पत्र्याचा आवाज जरा कमी चालला असता, पण त्या त्या अल्बमचा स्वभाव त्यातच आहे.

तेव्हा तुला दुरुस्ती करायचीच असेल, आणि सेमिस्टरच्या प्रोजेक्टला विषय शोधतेयस असं आई म्हणत होती, तर स्नेअर आहे तसा ठेव आणि कात्री घे. ‘इनव्हिजिबल किड’ साडेआठ मिनिटांचं आहे, ते साडेचारवर आण. ‘सम काइंड ऑफ मॉन्स्टर’ची (गाण्याची, माहितीपटाची नव्हे) सुरुवात अर्धी कर. ‘द अननेम्ड फीलिंग’ला जपून; धास्तीचं गाणं आहे, ते थोडं रेंगाळायलाच हवं. ‘डर्टी विंडो’ला हात लावलास तर गाठ माझ्याशी आहे. ‘शूट मी अगेन’ पूर्ण काढून टाकलंस तरी माझी हरकत नाही, त्याची स्टेजवरची आवृत्तीही मला वाचवता येत नाही. झालं की पाठव. एमपीथ्री नको, वेव्ह फाइल पाठव. फोनवर नाही, मोठ्या स्पीकरवर ऐकेन.

तुझा,
बाबा