मंत्रीमहोदय, आधी घसा तपासायला सांगा

प्रति,
मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

सविनय नमस्कार.

मी सांगली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी राहते. हे पत्र कुणाच्या बदलीसाठी नाही, बिल माफ करून घेण्यासाठी नाही, नवी योजना मागण्यासाठीही नाही. चांगलं खेळतं-खातं मूल एक-दोन दिवसांत ओळखू येईनासं झालं, डोळे मिचकावू लागलं, तासन्‌तास हात धुऊ लागलं, तर सरकारी दवाखान्यात इतर सगळ्या तपासण्यांसोबत त्याचा घसाही तपासला जावा, एवढंच मागणं आहे. मागणं लहान आहे, पण ते पुरं होत नाही, आणि का होत नाही ते सांगायला थोडी जागा लागेल.

स्ट्रेप्टोकोकस गट ‘अ’, थोडक्यात ‘स्ट्रेप’, नावाचा जंतू आहे. शाळेच्या वयात तो मुलांच्या घशात हमखास येतो. ताप, गिळताना दुखणं, टॉन्सिलवर पांढरट डाग, जबड्याखाली गाठी. सर्दी-खोकला बहुधा नसतो. शरीर त्याच्याशी लढायला प्रतिपिंडं तयार करतं. काही मुलांत ही प्रतिपिंडं आपल्याच पेशींवर उलटतात. हृदयाच्या झडपांवर उलटली की रुमॅटिक हृदयरोग होतो. मेंदूच्या आत हालचाली आणि सवयी सांभाळणाऱ्या भागावर उलटली की मुलाचे हातपाय आपोआप वेडेवाकडे हलू लागतात. त्याला सिडनहॅमचा कोरिया म्हणतात. थॉमस सिडनहॅम या इंग्रज डॉक्टरने त्याचं वर्णन १६८६ मध्ये करून ठेवलंय, म्हणजे शिवछत्रपतींच्या निधनानंतर सहाच वर्षांनी. कोरिया झालेल्या पुष्कळ मुलांत मंत्रचळाची, म्हणजे ओसीडीची, लक्षणंही दिसतात. त्यावर काम करत असताना अमेरिकेच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेतल्या डॉ. सुसान स्वीडो यांना अशी मुलं भेटली ज्यांना कोरिया नव्हता, पण घशाच्या संसर्गापाठोपाठ टिक्स, म्हणजे डोळे मिचकावणं-खाकरणं अशा आपोआप होणाऱ्या हालचाली आणि आवाज, आणि ओसीडी एकदम उसळले होते. १९९८ मध्ये त्यांनी अशा पहिल्या ५० मुलांची माहिती प्रसिद्ध केली आणि या प्रकाराला ‘पँडास’ असं नाव मिळालं. पुढे २०१२ मध्ये ‘पॅन्स’ ही जास्त व्यापक व्याख्या आली. तिच्यात अचानकपणाला महत्त्व आहे; त्यामागे स्ट्रेपच असला पाहिजे असं नाही.

आता आमच्या घरातलं. मुलगा दुसरीत होता. आधी डोळे मिचकावणं सुरू झालं म्हणून डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी थेंब दिले. मग घसा सारखा खाकरायला लागला म्हणून कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे. त्यांनी ॲलर्जीच्या गोळ्या दिल्या. तोवर तो ताटातला घास बोटांनी चिवडून बघायला लागला होता. घशात अडकेल म्हणून भात सोडला, मग पोळी सोडली, शेवटी फक्त ताक प्यायचा. “आई, मी थुंकी गिळली का?” हा प्रश्न तो दिवसभर विचारायचा. नाही म्हटलं तरी पुन्हा विचारायचा, हो म्हटलं तर रडायचा. रात्री अंथरूण ओलं व्हायला लागलं, जे तीन वर्षांचा असतानाच थांबलं होतं. गणिताच्या वहीत मागच्या पानावर आकडे चौकोनात नीट बसलेले आणि पुढच्या पानावर तेच आकडे चौकोनाबाहेर सांडलेले. शाळेत बाई म्हणाल्या, मुद्दाम करतो, बाकीची मुलं नक्कल करायला लागलीत. माझ्या सासूबाईंना सुरुवातीला त्याच्या हात धुण्याचं कौतुक वाटायचं, करोनानंतर एक तरी चांगली सवय लागली म्हणून. नंतर त्यांनीच मीठ-मोहऱ्यांनी दृष्ट काढली. शेजारच्या गावच्या देवऋषाचा पत्ताही आमच्यापर्यंत आपसूक पोहोचला. जादूटोणाविरोधी कायदा २०१३ पासून आहे, हे मला माहीत आहे. पण देवऋषी निदान मुलाकडे पूर्ण बघतो. डोळ्यांचा डॉक्टर डोळे बघतो, घशाचा घसा बघतो. हे मी देवऋषाच्या बाजूने बोलत नाही. माणसं तिकडे का जातात, ते सांगतेय.

सांगलीत एका वयस्कर बालरोगतज्ज्ञांनी पहिल्यांदा विचारलं, “महिन्याभरात घसा दुखत होता का? ताप होता का?” होता. गावातल्या डॉक्टरांनी तीन दिवसांची गोळी दिली होती, ताप उतरला होता, आम्ही विसरलो होतो. हे डॉक्टर म्हणाले, त्यांच्या उमेदवारीच्या काळात कोरियाची मुलं वॉर्डात नेहमी असायची, म्हणून त्यांना हा प्रश्न सुचतो. नव्या डॉक्टरांना तो सुचेलच असं नाही. स्वॅब पाठवला, रक्ताची एएसओ तपासणी (स्ट्रेपविरुद्धची प्रतिपिंडं मोजणारी) केली, दहा दिवसांचं अमॉक्सिसिलिन हे प्रतिजैविक दिलं आणि त्याच दिवशी बालमानसोपचारतज्ज्ञांच्या नावे चिठ्ठी लिहून दिली. पुढचे महिने सोपे नव्हते. पुण्याच्या एका मानसतज्ज्ञ मॅडम व्हिडिओवरून ईआरपी शिकवायच्या. म्हणजे भीती वाटत असताना हात न धुता थांबायचं, प्रश्नाला उत्तर न देता आईने शेजारी बसून राहायचं. उत्तर न देता बसणं हे मी आयुष्यात केलेलं सगळ्यात अवघड काम. मुलगा आता बरा आहे. पुढच्या घशाच्या संसर्गात पुन्हा थोडं उसळलं, मग निवळलं.

प्रतिजैविकामुळेच तो बरा झाला, असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही. टिक्स मुळातच कमी-जास्त होत असतात. आपल्या खात्यातले सल्लागार आपल्याला सांगतील की पँडासबद्दल जगभर मतभेद आहेत, आणि ते खरं सांगत असतील. डेन्मार्कमध्ये दहा लाखांहून जास्त मुलांच्या नोंदी तपासल्या गेल्या. २०१७ मध्ये आलेल्या त्या अभ्यासात स्ट्रेपची चाचणी पॉझिटिव्ह आलेल्या मुलांत ओसीडीचा धोका सुमारे दीडपट आणि टिक्सचा सुमारे एक तृतीयांशाने जास्त आढळला. पण स्ट्रेप नसलेल्या घशाच्या संसर्गानंतरही धोका काही प्रमाणात वाढलेला दिसला. युरोपात टिक्स असलेल्या मुलांवर दीर्घकाळ लक्ष ठेवून झालेल्या एका मोठ्या अभ्यासात नव्या स्ट्रेप संसर्गाचा आणि टिक्स वाढण्याचा संबंध सापडला नाही. एकट्या एएसओच्या आकड्यावरूनही काही ठरत नाही. आपल्याकडच्या शाळकरी मुलांत तो एरवीही चढलेला असतो, आणि खरा संसर्ग झालेल्या सगळ्याच मुलांत चढतो असंही नाही.

मग एवढं अनिश्चित असताना घसा तपासा म्हणून का म्हणते? कारण घशात स्ट्रेप सापडला तर त्याचा पूर्ण उपचार करायचा, यावर कुणाचा वाद नाही. मेंदूशी त्याचा संबंध निघो न निघो, हृदयाशी आहे हे पक्कं आहे. रुमॅटिक हृदयरोग आपल्याकडे अजून संपलेला नाही. तिशीच्या आत झडप बदलायला लागलेल्या बाया तालुक्याच्या कुठल्याही गावात भेटतील. पुष्कळजणींना लहानपणी सांधे दुखले होते की नुसता घसा, हेही सांगता येत नाही. या जंतूची एक गोष्ट मात्र आपल्या बाजूने आहे. इतकी दशकं उलटली तरी पेनिसिलिनला दाद न देणारा गट ‘अ’ स्ट्रेप दवाखान्यांत सापडलेला नाही. जी तीन दिवसांची गोळी आमच्याकडे सर्रास देतात, तिला दाद न देणारे मात्र सापडतात. आणि पेनिसिलिनचं इंजेक्शन द्यायला रिॲक्शनच्या भीतीने डॉक्टर कचरतात. प्राथमिक आरोग्य केंद्रात रिॲक्शन हाताळायचं प्रशिक्षण आणि ॲड्रेनॅलिन नक्की असेल तर ते कचरणार नाहीत. ही व्यवस्था आपल्याच हातात आहे.

स्वॅब घ्यायला कुणी येत नाही, हे कारण आता चालणार नाही. २०२०-२१ मध्ये या राज्यातल्या आरोग्य कर्मचाऱ्यांनी गावोगावी, शाळांच्या ओसरीवर, मंगल कार्यालयांत लोकांच्या घशातून स्वॅब काढले आहेत. हात बसलेला आहे. सरकारी दवाखान्यांतून रक्ताचे नमुने न्यायची मोफत तपासण्यांची व्यवस्थाही आहे. त्याच पेटीतून घशाचा नमुना जिल्ह्याच्या प्रयोगशाळेत जाऊ शकतो. नमुन्यातले जंतू वाढवून बघायला, म्हणजे कल्चरला, एक-दोन दिवस लागतात. काही मिनिटांत निकाल देणारी रॅपिड चाचणीही असते. ग्रामीण रुग्णालयाच्या खरेदी यादीत ती घातली तर तिथल्या डॉक्टरला अंदाजाने औषध लिहावं लागणार नाही, आणि ज्या मुलांना प्रतिजैविकाची गरजच नाही त्यांच्या पोटात ते जाणारही नाही.

दुसरी गोष्ट राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची. हा कार्यक्रम फेब्रुवारी २०१३ मध्ये देशभरासाठी सुरू झाला तो आपल्या पालघरमधून, म्हणून मी तो आपलाच मानते. त्याची पथकं वर्षातून एकदा शाळेत येतात, अंगणवाडीत दोनदा. त्यांच्या यादीत रुमॅटिक हृदयरोग आहे, फिट्स आहेत, वाढीतले विलंब आहेत, शिकण्यातल्या आणि वागण्यातल्या अडचणीही आहेत. ‘अचानक’ हा प्रश्न मात्र कुठेच नाही. मूल हळूहळू मागे पडलं तर पकडलं जातं. आठवड्यात घसरलं तर पथक येईपर्यंत ते एक तर सावरलेलं असतं किंवा शाळेतच येत नसतं. म्हणून मला वाटतं, हा प्रश्न पथकापेक्षा वर्गशिक्षकांना द्यावा. गेल्या काही दिवसांत या मुलाचं अक्षर, खाणं, वागणं एकदम बदललं का, नव्या हालचाली किंवा आवाज सुरू झाले का, त्याआधी घसा दुखला होता का. उत्तर ‘हो’ आलं तर जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राचा फोन नंबर. तिथे बालरोगतज्ज्ञ आणि मानसोपचारतज्ज्ञ यांनी मुलाला एकाच दिवशी, शक्यतो एकाच खोलीत बघावं. आम्हाला दोन वेगवेगळ्या इमारतींतून दोन वेगवेगळी मतं मिळाली होती: एकीकडे ‘हे मानसिक आहे, आमच्याकडचं नाही’, दुसरीकडे ‘आधी शारीरिक कारण वगळून या’. शाळा शिक्षण खात्याकडे, मोठी सरकारी रुग्णालयं वैद्यकीय शिक्षण खात्याकडे, हे मला कळतं. पण त्या खात्यांचे मंत्री आपल्यासोबत एकाच मंत्रिमंडळाच्या बैठकीला बसतात. आमच्यासारख्यांनी तीन दारं वाजवायची, त्यापेक्षा ते सोपं नाही का?

ओसीडीचा उपचार घसा तपासण्यासाठी अडवू नये, हेही मुद्दाम लिहिते, कारण पालकांच्या गटांमध्ये मी उलटं ऐकते: सगळं जंतूमुळे आहे, मग मानसोपचार कशाला. कारण काहीही असो, ईआरपी आणि गरज पडल्यास औषध यांचा उपयोग होतो. मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१७ च्या कलम २१ नुसार मानसिक आजाराला शारीरिक आजाराच्या बरोबरीने वागवायचं आहे, विम्यातसुद्धा. फोनवरून मानसिक आरोग्याचा सल्ला देणाऱ्या सरकारी टेलि-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांकही आहे. लहान मुलांसाठी ईआरपी करू शकणारं माणूस त्या क्रमांकाच्या पलीकडे प्रत्येक जिल्ह्यात एक तरी मिळावं. हे काम खर्चाचं आहे, हे कबूल. पण ते व्हिडिओवरून होतं, हे मी घरात बघितलंय.

एक धोकाही सांगते. नेटवर शोधणाऱ्या पालकांना लवकरच आयव्हीआयजी हे औषध सापडतं. दात्यांच्या रक्तातून काढलेली ही प्रतिपिंडं वजनाच्या हिशोबाने देतात. २० किलोच्या मुलाला किलोमागे दोन ग्रॅम धरले तर ४० ग्रॅम लागतात, आणि खाजगीत बिल लाखाच्या घरात जाऊ शकतं. १९९९ च्या एका छोट्या चाचणीत त्याने फायदा दिसला होता. २०१६ मध्ये ३५ मुलांवर झालेल्या चाचणीत खोट्या औषधापेक्षा ठोस फरक दिसला नाही. अत्यवस्थ मुलाला तज्ज्ञांनी ते द्यावं की नाही, हे मी ठरवू शकत नाही. पण बायको-नवऱ्याने दागिने मोडून, शेत गहाण टाकून ते करावं आणि सरकारने त्यावर एक शब्द बोलू नये, हे बरोबर नाही. राज्यातल्या बालरोग, मेंदूविकार आणि मानसोपचार तज्ज्ञांनी मिळून दोन पानांची मार्गदर्शिका मराठीत काढावी: काय करावं, काय करू नये, कशाचा पुरावा आहे आणि कशाचा नाही. ती अंगणवाडी ताईंच्या मोबाईलवर गेली की आमच्यापर्यंत पोहोचेल.

शाळा जूनच्या मध्याला उघडतात. शिक्षकांना द्यायचा तो प्रश्नांचा कागद त्याआधी निघाला, तर पहिल्याच पालकसभेत तो वाचून दाखवता येईल. आमच्या शाळेत मी तो स्वतः वाचून दाखवायला तयार आहे.

कळावे,
आपली नम्र,
तिसरीतल्या मुलाची आई