तुझ्या माळ्यावरचे दप्तर

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

आपल्या मंडळाच्या या महिन्याच्या सभेला तू हवा होतास. जमाखर्च आणि इतिवृत्ताचे वाचन नेहमीप्रमाणे कोणाचेही लक्ष नसताना उरकले. पण नंतरच्या 'गावाचा इतिहास कसा शोधावा' या व्याख्यानाला जादा खुर्च्या मांडाव्या लागल्या. गाव कोणी वसवले आणि येथे कोणत्या राजाचा तळ पडला होता, हे ऐकण्याच्या अपेक्षेने बहुतेक जण आले होते. वक्त्यांनी पहिल्याच वाक्यात सांगून टाकले की, ज्याला कागद किंवा दगड साक्षीला नाही, ते आपण बोलणार नाही. पुढच्या रांगेत थोडी चुळबुळ झाली. मला मात्र माणूस तेव्हाच आवडला.

सुरुवात वीरगळापासून, म्हणजे लढताना पडलेल्या वीराच्या स्मारकशिळेपासून झाली. वीरगळ खालून वर वाचायचा असतो: तळाच्या चौकटीत लढाई आणि वीराचे मरण, त्यावर त्याला स्वर्गात नेणाऱ्या अप्सरा, सर्वांत वर शिवलिंगाची पूजा आणि माथ्याशी चंद्रसूर्य. तळाशी गाई कोरलेल्या असतील, तर तो माणूस गावाची गुरे वाचवताना पडला, असे समजायचे. यावर एक ज्येष्ठ सभासद उठले आणि आपल्या वेशीवरचा दगड एका सेनापतीचा असल्याचे पिढ्यान्‌पिढ्या ऐकत आल्याचे त्यांनी ठासून सांगितले. वक्ते शांतपणे म्हणाले, "दगडावर नाव नाही, गाई आहेत." सेनापतीपेक्षा गुरांसाठी जीव देणारा गावकरी मला तरी अधिक आपला वाटतो, पण त्या गृहस्थांची समजूत शेवटपर्यंत पटली नाही.

खरी रंगत आली ती पडद्यावर एका जुन्या महजराचे, म्हणजे साक्षीदारांसह लिहिलेल्या निवाडापत्राचे, छायाचित्र आले तेव्हा. वतनाचा, म्हणजे वंशपरंपरेच्या हक्काचा, तंटा गोतसभेपुढे, म्हणजे गावच्या पंचांपुढे चाललेला, वर निवाड्याचा मोडी मजकूर आणि खाली साक्षीदार. लिहिता न येणाऱ्या प्रत्येकाने आपल्या धंद्याचे हत्यार रेखाटले होते: पाटलाचा नांगर, सुताराचे किंकरे (छिन्नी), न्हाव्याचा आरसा, परटाची मोगरी. नांगराचा फाळ तर इतका जोर देऊन काढला होता की, त्या जागी शाई फुटून कागदात पसरली होती. राजांच्या वंशावळी मी पुष्कळ वाचल्या आहेत, पण एका गावातली एवढी माणसे एकाच कागदावर हजर झालेली मी प्रथमच पाहिली. याच माणसांनी ज्यांना पंक्तीत घेतले नाही, त्यांच्याकडूनही शिवेच्या वादात साक्ष घेतली जाई, कारण गावाची शीव महारांइतकी कोणालाच ठाऊक नसे, हेही वक्त्यांनी आडपडदा न ठेवता सांगितले. ते सांगितले नसते, तर व्याख्यान अर्धवट राहिले असते.

इंग्रजी अमदानीकडे ते भराभर वळले. 1835 च्या सुमारास गोल्डस्मिड आणि विंगेट या इंग्रज अधिकाऱ्यांनी इंदापूर तालुक्यात बसवलेली जमीनमोजणीची पद्धत पुढे दख्खनभर गेली. 33 फुटांच्या साखळीचा एक चौरस म्हणजे एक गुंठा, हे गणित तिथपासून आपल्या सातबाऱ्यापर्यंत चालत आले आहे. शेतीतज्ज्ञ डॉ. हॅरल्ड मान यांनी पाहणी करून 1917 साली पुण्याजवळच्या ज्या पिंपळे सौदागर गावाचे शेत आणि कर्ज मांडले, तेथे आज उंच इमारतींच्या रांगा आहेत. त्या पाहणीमुळेच त्या शेतांचा हिशेब तरी शिल्लक राहिला.

आता पत्राचे खरे कारण. तुमच्या घराण्याकडे कुलकर्णीपण, म्हणजे गावचे हिशेब लिहिण्याचे वतन होते, आणि 1950 च्या कायद्याने परगणा व कुलकर्णी वतने गेल्यावर कागदांचे जे रुमाल (कापडात बांधलेले गठ्ठे) माळ्यावर चढले, ते अजून तेथेच असल्याचे तू मागे बोलला होतास. घर पाडून नवे बांधायचे ठरले आहे, म्हणून हे घाईने लिहितो. पुण्याच्या पेशवे दफ्तरातून, म्हणजे पेशव्यांच्या कागदपत्रांच्या साठ्यातून, इतिहासकार गो. स. सरदेसाई यांनी 1930 पासून 45 खंड छापून घेतले, तरी तो त्या साठ्याचा अगदी लहान अंश आहे. मग घरोघरच्या कागदांना कोण विचारतो? ते रद्दीत जातात किंवा पावसात कुजतात.

तेव्हा कृपा करून एवढे कर. रुमाल सोडताना कागदांचा क्रम मोडू नकोस, कारण कोणता कागद कोणाशेजारी बांधला होता यावरूनही बरेच कळते. फाटलेल्या जागी चिकटपट्टी लावू नकोस आणि लॅमिनेशन तर मुळीच नको, त्याने कागद कायमचा बाद होतो. प्रत्येक पानाची दोन्ही बाजूंनी छायाचित्रे काढ. वक्ते मोडी वाचून देण्यास तयार आहेत. मी तुझे नाव सुचवले आहे आणि पुढच्या सभेच्या आधी त्यांना तुझ्याकडे घेऊन येण्याचे कबूल केले आहे. रविवार सोयीचा असेल तर तसे कळव, म्हणजे त्यांना निरोप देता येईल.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
जुना मित्र