खालच्या वाटेनं जा

चि. सई,
अनेक आशीर्वाद.

काल तुझ्या इंग्लंडातल्या पायी सफरीतून, कर्बी स्टीफन गावाहून, फोन आला तेव्हा बोलणं जड वाटलं. आई म्हणते, रेंज नव्हती. असेल. पण मी रात्री उठून वाचत बसलो. अंगातली ऊब उतरली की आधी हुडहुडी, मग बोलणं अडखळतं, आणि पुढे आपल्याला काही होतंय हेच माणसाला कळेनासं होतं. म्हणून हा मेल. फोनवर तू ‘हो बाबा, हो बाबा’ करून ठेवून देतेस.

उद्या नाइन स्टँडर्ड्सच्या डोंगरावर ढग उतरलेला असेल तर वर जाऊ नकोस. ६६२ मीटर म्हणजे तुला टेकडीच, पण वर सगळी दलदल, आडोशाला झाड नाही. केल्ड गावाला खालूनही वाट आहे. ती धर. एवढंच सांगायचं होतं, परत सांगणार नाही.

बॉरोडेलच्या खोऱ्यात आपल्याएवढाच पाऊस, असं तू म्हणालीस. तिथल्या सीथवेटचा आकडा पाहिला, वर्षाला साडेतीन हजार मिलिमीटरच्या आसपास. खरं आहे तुझं. पण चिपळूणचा पाऊस कोमट. डोकं पुसलं, कोरा चहा घेतला, झालं. तिकडे वारा आणि ओले कपडे मिळून माणूस गारठवतात. सुती काही घालू नकोस. कोरडे मोजे पिशवीत गुंडाळून सॅकमध्ये वरच ठेव. शिट्टी गळ्यात, मिनिटाला सहा वेळा, मग मिनिटभर थांबायचं. फोन लागला तर ९९९, आधी पोलीस मागायचे, मग माउंटन रेस्क्यू. तुला हे सगळं ठाऊक आहे. तिशी ओलांडलेल्या मुलीला मोजे शिकवतोय, राग मानू नकोस.

रसाळगडावर असंच धुकं होतं. झोलाईच्या देवळापाशी तुझं बोट सुटलं. तात्या रडकुंडीला आले, आणि तू एका तोफेवर बसून चिवडा खात होतीस. ‘मी नाही हरवले, तुम्ही हरवलात.’ तात्यांनी पुढे कधी गडाचं नाव काढलं नाही. मला मात्र तुझं कौतुक वाटलं होतं. आई समोर होती, म्हणून बोललो नाही.

आज सकाळी नाक्यावर पोंक्ष्यांना सांगितलं, पोरगी आयरिश समुद्रापासून उत्तर समुद्रापर्यंत निघालीय, ३०० किलोमीटर, पायी, एकटी. ते म्हणाले, एकटी कशाला? मी पेपर उघडला.

माझी नोकरी पाणलोटाच्या नकाशांत गेली, त्यामुळे तुला तिथं का जायचंय ते कळतं मला. नाइन स्टँडर्ड्सच्या धारेच्या पश्चिमेचं पाणी ईडन नदीतून आयरिश समुद्राला, पूर्वेचं स्वेल नदीतून उत्तर समुद्राला. त्या जागी उभं राहावंसं वाटणारच. राहा, पण आभाळ मोकळं असेल तरच. नाहीतर एक दिवस तिथंच थांब, खोलीचे पैसे मी पाठवतो. निघताना सेंट बीजच्या किनाऱ्यावर उचललेला खडा शेवटी रॉबिन हूड्स बेच्या पाण्यात एक दिवस उशिरा पडला म्हणून काय बिघडतं?

समीरचा फोन आला होता. मी काही विचारलं नाही. त्यानंही ‘तिचे बूट चांगले आहेत ना?’ एवढंच विचारलं. चांगले आहेत म्हटलं.

तुझा,
बाबा

ता. क. खालच्या वाटेचा नकाशा व्हॉट्सॲपवर टाकलाय. अजून उघडलेला दिसत नाही.