मीडियम वेगळे, रिटार्डर वेगळे

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीतील ॲक्रिलिक रंगांवरील लेखात रंग पातळ करण्यासाठी पाणी, मीडियम किंवा रिटार्डर (रंगाचे वाळणे लांबवणारे द्रव्य) यांपैकी हाताशी असेल ते वापरावे, असा सल्ला दिला आहे. गिरगावात गेली अनेक वर्षे चित्रकलेचे वर्ग घेत असल्याने त्यावर चार शब्द लिहिणे मला आवश्यक वाटते.

ॲक्रिलिक रंगात रंगद्रव्याला धरून ठेवणारे ॲक्रिलिकचे अतिसूक्ष्म कण पाण्यात विखुरलेले असतात आणि पाणी उडून गेले की ते एकमेकांना चिकटून सलग थर तयार होतो. मीडियम म्हणजे रंगद्रव्य वगळून उरलेला हाच पदार्थ. त्यामुळे ते कितीही मिसळले तरी थर दुबळा होत नाही, फक्त रंग अधिक पारदर्शक होतो. (ओले असताना ते दुधाळ दिसते, म्हणून वाळल्यावर छटा थोडी गडद होते, हे नवख्यांना आधीच सांगावे.) पाणी मात्र या कणांना दूर करते. कागदावर पातळ वॉश (पाणीदार रंगाचा हात) देताना ते खपून जाते, पण प्राइमर (रंगाआधीचा अस्तराचा लेप) लावलेल्या कॅनव्हासवर फार पाणी घातलेला रंग वाळल्यानंतरही ओल्या बोळ्याने पुसला जाऊ शकतो.

रिटार्डरचा प्रकार याहून निराळा आहे. त्यात रंग धरून ठेवणारे काहीच नसते. ते केवळ वाळणे लांबवते. म्हणूनच बाटलीवर त्याच्या प्रमाणाची मर्यादा दिलेली असते. मे महिन्यात पंख्याखाली पॅलेटवरचा रंग पाहता पाहता सुकतो, तेव्हा रिटार्डरचा मोह होतो हे मी समजू शकतो. परंतु तीच सवय जुलैत चालू ठेवली, तर मुंबईच्या दमट हवेत आधीच रेंगाळणारा थर कित्येक दिवस चिकट राहतो. माझ्या एका विद्यार्थिनीने असेच एक चित्र बुडबुड्यांच्या प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून प्रदर्शनासाठी नेले आणि उघडून पाहिले तर आकाशभर गोल ठसे उमटलेले. नीट वाळलेला ॲक्रिलिक थरसुद्धा उष्णतेने मऊ पडतो, तेव्हा दोन चित्रे समोरासमोर ठेवू नयेत हे वेगळे सांगायला नको. उन्हाळ्यात पॅलेटवर ओले फडके, त्यावर बटर पेपर आणि अधूनमधून पाण्याचा हलका फवारा एवढी सोय बहुतेक वेळा पुरते.

काही वर्गांत मीडियमऐवजी सुतारकामाचा पांढरा गोंद वापरायला सांगतात. शाळेच्या तक्त्याला तो ठीक; विकायच्या चित्रात तो नको, कारण वाळल्यावरही तो पाण्याने मऊ पडून सुटू शकतो.

पुढील अंकात आपण या सल्ल्याची दुरुस्ती छापावी, ही विनंती. रंगांच्या दुकानदारांनीही रिटार्डरच्या बाटल्या मीडियमच्या रांगेतून काढून वेगळ्या फळीवर ठेवाव्यात आणि त्यांच्या प्रमाणाची सूचना तिथेच मराठीत लावावी.

आपला,
एक चित्रकला शिक्षक
गिरगाव, मुंबई